काटा खुणेच्या खाली

मैत्री आणि राहुल,

गेल्या रविवारी आपण फोनवर बोलत होतो तेव्हा तुमच्या मागे स्वयंपाकघरात फ्रिज सुरू झाला. आधी थरथरला, मग कण्हला, मग कसाबसा चालू लागला. राहुल शाळेतल्या नाटकाचं सांगत होता आणि माझं सगळं लक्ष त्या फ्रिजकडे. शेवटी न राहवून मी तुमच्या बाबाला म्हटलं, "अरे, त्याच्या मोटरखालचं रबर बसलंय, बघून घे." तो म्हणाला, "आई, तू धायरीत बसून इथला फ्रिज दुरुस्त करू नकोस." तेव्हा मैत्रीनं विचारलं, "आजी, तू खरंच रेसच्या गाड्या दुरुस्त करतेस?"

फोनवर मी "हो गं" म्हणून सोडून दिलं. पण हे उत्तर पुरेसं नाही, आणि अर्धवट उत्तर दिलं की मला झोप लागत नाही. त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी माझ्या कामाबद्दल लेख मागितला. तेव्हा एकाच कागदावर दोन्ही कामं करते. लेख तुमच्यासाठी आहे, अंकाचे वाचक तुमच्या खांद्यावरून वाचताहेत असं समजा. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. त्यानं मधले तांत्रिक परिच्छेद गाळायचे नाहीत, अशी सूचना मी इथेच लिहून ठेवते.

रेसच्या गाड्या नव्हेत. साध्याच गाड्या, पण मालकांनी हौसेनं ताकद वाढवलेल्या. हिंजवडीतली मुलं पाच दिवस वातानुकूलित खोलीत बसतात आणि शनिवारी त्यांना आपल्या गाडीचा आवाज ऐकायचा असतो. त्यासाठी ती इंजिनाला टर्बो बसवतात. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं जास्त हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त झाली की त्या प्रमाणात पेट्रोलही जास्त लागतं. ते पोचलं नाही, तर इंजिन ठसका लागल्यासारखं अडखळतं. तरीही दामटत राहिलं, तर आतला दट्ट्या वितळतो. पेट्रोल कुठे अडतंय ते शोधून काढणं, हे माझं काम. वाहनांच्या कारखान्यातल्या चाचणी विभागात जन्मभर तेच केलं. निवृत्त झाल्यावर, त्याच विभागातले फोरमन बापू यांच्याबरोबर धायरीत छोटं वर्कशॉप काढलं. जागा बापूंची, डोकं ताईंचं, असं लोक म्हणतात. बापू म्हणतात, उलटं आहे.

पेट्रोलचा हा प्रवास समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, इमारतीत राहिलेलं असलं की पुरे. आमच्या सोसायटीत सकाळी सात वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाई जिन्यात येऊन ओरडतात, "पाणी गेलं!" पाणी गेलेलं नसतं. खालच्या सगळ्यांनी एकदम नळ उघडलेले असतात. दुपारी बारा वाजता त्याच बाईंच्या नळाला धो धो पाणी असतं. प्लंबर येतो तो बाराला, आणि सांगून जातो, "सगळं ठीक आहे." गाडीतही तसंच. टाकीत पंप, पुढे नळी, नळीत गाळणी, शेवटी इंजिनावर पिचकाऱ्या, म्हणजे इंजेक्टर. गाडी जागेवर उभी असताना सगळं ठीक दिसतं. सगळे नळ एकदम उघडल्यावर काय होतं, ते बघायचं असतं. म्हणून आम्ही पेट्रोलच्या नळीला दाब मोजायचं गेज जोडतो, ते समोरच्या काचेवर चिकटपट्टीनं लावतो आणि गाडी रस्त्यावर नेतो. गाडीनं जोर मागितला की काटा पडतो का, एवढंच बघायचं.

हे गेज माझ्या हाताशी नव्हतं, त्या दिवसाची ही गोष्ट.

खंडेनवमीची सकाळ होती. बापूंच्या घरची रीत अशी, की नवमीला सकाळी सगळी हत्यारं धुऊन पुसून पूजेत मांडायची आणि दसऱ्याच्या पूजेनंतरच उचलायची. मधल्या वेळात पान्यालासुद्धा हात लावायचा नाही. त्यांनी पांढरी चादर अंथरून त्यावर पाने, पकडी, हातोड्या उतरत्या मापानं लावल्या होत्या. माझं गेजही त्यात होतं, त्याच्या काचेवर हळदकुंकू. संगणकही होता, त्याला झेंडूचा हार.

मैत्री, तुला ठाऊक आहे, आपण बौद्ध आहोत. माझ्या टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती आहे आणि मी पूजा करत नाही. बापू मला कधी आग्रह करत नाहीत. पण वर्कशॉपमध्ये आमचा एक अलिखित करार आहे. वर्षभर ते माझे नियम पाळतात. टाकी उघडताना खिशात मोबाइल नाही. एका वेळी एकच भाग बदलायचा, गाडी चालवून बघायची, मगच दुसरा. हा नियम त्यांना फार जड जातो. "ताई, दोनी एकदम बदलू, गिऱ्हाईक थांबलंय," असं म्हणतात, पण बदलत नाहीत. मग एक दिवस त्यांचा नियम मी पाळते. माझा विश्वास पूजेवर नाही, बापूंवर आहे.

तर त्या सकाळी फाटकातून एक जुनी पांढरी मोटार आत आली. आवाजावरूनच कळलं, आत काहीतरी बसवलेलं आहे. चालवणारा मुलगा सुमेध, हिंजवडीत नोकरीला. शेजारी त्याचे वडील नामदेवराव, कारखान्यातून निवृत्त झालेले स्टोअरकीपर. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, मांडीवर डब्याची पिशवी.

"मॅडम, फक्त अर्धा तास द्या," सुमेध उतरता उतरताच म्हणाला. "जोर दिला की गाडी कट मारते, अडखळते. तीन गॅरेज झाली. गाळणी बदलली, इंजेक्टर बदलले, ट्यूनिंग दोनदा केलं. आणि आम्हाला आज निघायचंय."

"कुठे?"

"नागपूर. दीक्षाभूमी. उद्या सकाळी पोचायलाच हवं."

बापू चादरीशेजारी उभे होते. म्हणाले, "हत्यारं पूजेत हायती. परवा या."

"परवा काय उपयोग, काका?"

"मग आज काय उपयोग? हातानं खोलू का नट?"

सुमेधनं माझ्या टेबलाकडे पाहिलं, मूर्ती पाहिली आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर आपल्यातल्याच आहात. तुम्ही हे मानत नसाल ना? ते गेज तेवढं उचला. मी काकांना समजावतो."

खरं सांगते, माझा हात शिवशिवत होता. गेज चार पावलांवर होतं. कुंकू पुसायला एक फडकं पुरलं असतं. आणि नागपूरला का जायचं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील आम्हा भावंडांना तिथे घेऊन जायचे. मला कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत घालायची हिंमत त्यांना तिथल्या गर्दीत उभं राहूनच आली, असं ते सांगायचे.

"मी मानत नाही," मी सुमेधला म्हटलं, "पण ते बापूंचं आहे. त्याला हात लागणार नाही. तू मला गाडीबद्दल सांग. इतकं सगळं बदललंस, मग काय बदललं नाहीस?"

तो गोंधळला. बदललेल्या वस्तू मुलांना तोंडपाठ असतात, न बदललेल्या आठवाव्या लागतात.

"टाकी. वायरिंग. आणि टाकीतला पंप आणि त्याचा पाइप, पण ते नवीनच आहेत. टर्बो बसवला तेव्हा मीच घातले."

"आणि त्रास कधीपासून?"

"त्यानंतर... साधारण पावसाळ्यापासून."

मी नामदेवरावांकडे वळले. "तुम्हाला काय जाणवतं, गाडी अडते तेव्हा?"

"मला विचारू नका," ते म्हणाले. "ही गाडी मी नवी कोरी आणली होती. हिची आई, म्हणजे याची आई, हिच्यावरच चालवायला शिकली. आता हिचा आवाज ऐकला की मला वाटतं दुसऱ्याच कोणाच्या गाडीत बसलोय. मी याला स्पष्ट सांगितलंय. बायको गेल्यावर दोन वर्षं आम्ही नागपूरला गेलो नाही. आज याच्या भरवशावर निघालोय. वाटेत बंद पडली, तर मी एसटीनं पुढे जाईन. आणि परत आल्यावर ही विकायची."

सुमेध फक्त गाडीच्या टपावर हात ठेवून उभा राहिला.

मी त्यांना माझी गाडी देऊ केली. साधी आहे, कुठेही जाते. नामदेवरावांनी नम्रपणे नकार दिला. "आपले आभार, पण गेलो तर हिच्यातून, नाहीतर एसटीनं."

आता हत्याराविना काय करता येतं, ते सांगते. बरंच करता येतं, पण क्रमानं करावं लागतं. नामदेवरावांना बापूंच्या चहावर सोडून मी सुमेधशेजारी बसले आणि आम्ही कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढाला लागलो. चढावर गाडी खरं बोलते. त्यानं पाय दाबला. डॅशबोर्डावर टर्बोच्या दाबाचं छोटं घड्याळ होतं, त्याचा काटा वर चढला, गाडीनं आम्हाला पाठीमागे रेटलं आणि एकदम ठसका. परत जोर, परत ठसका.

"सोड पाय. आता दिवे लाव, एसी लाव, मागची काच तापवायचं बटण दाब. परत तसंच चालव."

"हे कशाला?"

"वायरिंग कमजोर असेल, तर विजेचा भार वाढवल्यावर पंप आणखी दमेल आणि ठसका लवकर येईल."

ठसका तिथेच आला, लवकर नाही. वायरिंगवरचा संशय कमी झाला. पुढे मोकळी जागा बघून थांबलो आणि मी टाकीचं झाकण उघडायला लावलं. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज येतो का ते ऐकायचं होतं. एकदा एक वकील माझ्याकडे आले होते, त्यांची गाडी रोज कोर्टापर्यंत यायची आणि कोर्टाच्या दारात बंद पडायची. त्यांना वाटे पक्षकारांची हाय लागली. त्यांचं मूळ झाकण हरवलं होतं आणि त्यांनी दुसऱ्याच गाडीचं घट्ट झाकण बसवलं होतं. टाकीत हवा जायला वाट नव्हती. सुमेधच्या टाकीत तसं काही नव्हतं.

मग मी त्याला इंजिन बंद करून पंधरावीस मिनिटं नुसतं उभं राहायला सांगितलं. हे मुलांना फार कठीण जातं, मलाही जातं. मी रस्त्याच्या कडेला येरझाऱ्या घालत राहिले. ट्रक जात होते, त्यांच्या नाकावर झेंडूचे हार. मग म्हटलं, "आता चालू कर." स्टार्टर बराच वेळ फिरला, तेव्हा कुठे इंजिन लागलं. परत बंद, परत तेवढाच वेळ उभं राहणं. या खेपेला त्याला सांगितलं, "किल्ली फक्त अर्धी फिरव, पंप वाजू दे. बंद कर. परत अर्धी. परत बंद. आता लाव." क्षणात लागली.

"मॅडम, हे काय झालं?"

"नळीत दाब टिकत नाही. गाडी उभी राहिली की पेट्रोल कुठून तरी मागे परततं. पंपाला दोनदा फिरवलंस, त्यानं नळी पुन्हा भरली. आता कुठून परततं, तेवढं राहिलं."

वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा तिथे विलक्षण शांतता होती. एरवी आमच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर धडधडत असतो, कोणीतरी काहीतरी ठोकत असतो. नवमीला सगळं गप्प. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं, की माझ्या वर्कशॉपमध्ये शांतता असू शकते. मी मागचं सीट उचललं. ते हातानं निघतं. खाली पत्र्याचं झाकण, त्याखाली टाकी आणि टाकीत पंप. मी गाडीत वाकले, डोकं खाली घातलं आणि कान झाकणाला लावला.

नामदेवराव खुर्चीतून उठले. "बाई, आपल्याला चक्कर आली का?"

"ऐकतायत त्या," बापू म्हणाले. "बोलू नगा."

सुमेधनं किल्ली अर्धी फिरवली. पंप गुणगुणला. त्या गुणगुणण्याखाली दुसरा बारीक आवाज होता. कुकरचं झाकण नीट बसलं नसलं की शिट्टी होत नाही, नुसती कडेनं फुसफुस होते, तसा. किल्ली बंद झाली, गुणगुणणं थांबलं, पण फुसफुस आणखी थोडा वेळ चालली आणि मग विझली.

मी वर आले तेव्हा केसांना सीटखालची सगळी धूळ लागली होती. म्हटलं, "टाकीच्या आतला पाइप फाटलाय. पंप वर पाठवतो त्यातलं पेट्रोल चिरेतून परत टाकीत पडतंय."

"पण तो तर बेस्ट क्वालिटीचा आहे! आणि मॅडम, नुसतं ऐकून?"

"खात्री नाही. गेज लावलं नाही, टाकी उघडली नाही. पण मला जे जे शक्य वाटत होतं, त्यातलं एवढंच उरलंय."

आता खरा प्रश्न. पाइप बदलायला टाकी उघडायची, म्हणजे हत्यारं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं नाही, चादरीकडेही नाही. ते अंगणातल्या नळावर कपबशा विसळत राहिले. मी सांगितलं असतं, तर कदाचित त्यांनी पाना उचललाही असता. म्हणूनच सांगायचं नव्हतं.

मी आत-बाहेर करत विचार करू लागले. पेट्रोल बाहेर सांडत नव्हतं, टाकीतच पडत होतं, त्यामुळे आगीची भीती नव्हती. सावकाश चालवताना इंजिनाला लागतं थोडंच, तेवढं फाटक्या पाइपातूनही पोचतं. पोचत नाही ते टर्बो जोर करतो तेव्हा. म्हणजे टर्बोला जोर करू दिला नाही, तर ही गाडी नागपूरला जाईल. माझा अंदाज बरोबर असेल तर. चीर वाढली नाही तर. आणि या मुलाचा पाय ताब्यात राहिला तर.

शेवटची अट सर्वांत कठीण. तिला एकच उपाय दिसला.

"नामदेवराव, आपण पुढच्या सीटवर बसा," मी म्हटलं. "मी मागे बसते. एक चक्कर मारू."

बोगद्याच्या चढावर मी सुमेधला हळूहळू जोर वाढवायला लावला आणि नामदेवरावांना त्या छोट्या घड्याळाकडे बघायला. ठसका आला तिथला काटा त्यांनी बोटानं काचेवर दाखवला. तीनदा करून पाहिलं, तीनदा बोट तिथेच. परत येऊन मी सांगितलं, "त्याच्या निम्म्यावर खूण करायची. नागपूरपर्यंत काटा त्या खुणेच्या वर जाता कामा नये. समोर ट्रक असो, उजवीकडून कोणी भरारा जावो. आणि थांबून निघताना किल्ली दोनदा अर्धी फिरवायची."

खूण कशानं करायची? नामदेवरावांच्या खिशातली पेनं काचेवर उमटत नव्हती. मार्कर पेनही बापूंनी पूजेत ठेवलं होतं, कारण त्यानं ते पत्र्यावर खुणा करतात. मी इकडेतिकडे शोधत होते तोवर बापू आले. त्यांनी पूजेच्या ताटलीतलं ओलं कुंकू बोटावर घेतलं होतं. घड्याळाच्या काचेवर, मी दाखवलं तिथे, एक बारीक रेघ ओढली.

नामदेवराव रेघेकडे बघत राहिले. "आमच्यात गाडीला कुंकू लावत नाहीत."

"कुंकू समजू नगा," बापू म्हणाले. "लाल सिग्नल समजा."

"सिग्नल सगळ्यांचाच असतो," नामदेवराव म्हणाले. त्यांनी सीट पुढे ओढलं, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. स्टोअरच्या खिडकीत बसावं तसे ताठ बसले. सुमेधनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, त्या नजरेत धन्यवाद होते की तक्रार, सांगता येणार नाही.

फाटकाबाहेर गाडी वळली, आणि माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

मैत्री, तू विचारशील, आजी, तुला एवढी भीती होती तर जाऊ कशाला दिलंस? त्या दिवशी मीही हेच विचारत होते. चाचणी विभागात गाडी फाटकाबाहेर सोडण्याआधी माझ्या सहीखाली आकडे असायचे. इथे माझ्याकडे एका कानानं ऐकलेली फुसफुस होती. मी ऐकलं ते पंपाचंच काही असेल तर? महामार्गाच्या मधोमध गाडी बंद पडली, मागून ट्रक आला, तर? मी माझं टेबल आवरलं. मग कपाट आवरलं. स्क्रूचे डबे मापाप्रमाणे लावले, ते आधीच लावलेले होते. फाटकापर्यंत जाऊन आले, कशासाठी ते ठाऊक नाही.

"ताई, बसा की," बापू म्हणाले. "गाडी पळतीय तिकडं, अन् दमताय तुमी हितं."

शिरूरच्या पुढून पहिला फोन आला. नामदेवराव. दर थांब्याला फोन करा, असं मी त्यांना बजावलं होतं.

"काटा खुणेच्या खाली आहे," ते म्हणाले. "मुलगा वैतागलेला आहे."

"का?"

"आत्ता एका रिकाम्या टेम्पोनं आम्हाला मागे टाकलं. टेम्पोवाल्यानं हात केला. याला लागलं ते."

मागून सुमेधचा आवाज आला, "बाबा, रिक्षासुद्धा टाकेल आता मागे!"

"टाकू दे," नामदेवराव फोनमध्येच त्याला म्हणाले. "काटा बघ."

दुसरा फोन संभाजीनगरहून, तिसरा जालन्याच्या अलीकडून, दिवस मावळताना. काटा खुणेच्या खाली. किल्ली दोनदा फिरवली, लगेच लागली. त्यानंतर फोन नाही. चालवणाऱ्या माणसाला फोन करू नये, हा माझाच नियम, म्हणून मी केला नाही. टीव्ही लावला, बंद केला. तुमच्या बाबाला फोन केला आणि विनाकारण त्याच्यावर वैतागले. तो म्हणाला, "आई, कुठली गाडी सोडलीस?" तो मला लहानपणापासून ओळखतो.

दसऱ्याला सकाळी बापूंनी आरती म्हटली आणि ते हत्यारं वाटू लागले. मी दाराशी उभी होते, हातात फोन. तो वाजला तेव्हा बापू म्हणत होते, "ताई, हे तुमचं," आणि गेज माझ्यापुढे धरलं होतं.

"नामदेव बोलतोय. पोचलो." मागे प्रचंड गर्दीचा आवाज होता.

"काल रात्री फोन का नाही केलात?"

"पोचायला उशीर झाला हो. अवेळी परक्या बाईंना फोन करणं बरं दिसत नाही."

मी मोठ्यानं हसले, आणि माझे गुडघे एकदम दुखायला लागले. रात्रभर मी त्यांच्यावर उभी होते.

चार दिवसांनी पांढरी गाडी परत आली. कुंकवाची रेघ फिकट झाली होती, पण होती. बापूंनी मोबाइल बाजूला ठेवला, हात धुतले आणि टाकी उघडून पंप वर काढला. पाइपचा वीतभर तुकडा हातात आला तेव्हा तो पाइप वाटेना. चहात बुडवून विसरलेल्या खारीसारखा फुगला होता, बोटानं दाबला तर दबायचा. क्लिपच्या कडेला लांब चीर.

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण सुमेधचा चेहरा उतरला. "एवढा भारी पाइप!"

"भारीच आहे," मी म्हटलं. "पण हा इंजिनापाशी लावायचा. पेट्रोल याच्या आतून जातं, म्हणून आतलं रबर पेट्रोल सोसणारं असतं. बाहेरच्या रबराचा पेट्रोलशी संबंध येत नाही. टाकीत मात्र तो बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडतो. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉलही जास्त, त्यानं अशी रबरं आणखी लवकर फुगतात. टाकीसाठी वेगळा पाइप मिळतो. हा कुठून आणलास?"

सुमेधनं वडिलांकडे पाहिलं. नामदेवराव पुढे आले, त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला.

"हा माझ्या कपाटातला आहे," ते म्हणाले. "इंजिनाला लावून उरला होता. मी जपून ठेवला. याला टाकीसाठी पाइप हवा होता, तेव्हा मीच काढून दिला. चांगला माल, फेकायचा कशाला?"

मग सुमेध अगदी हळू म्हणाला, "बाबा, म्हणजे स्टोअरचा माल निघाला."

"स्टोअरकीपर वस्तू देतो," नामदेवराव म्हणाले. "ती कुठे लावायची, ते इंजिनिअरनं बघायचं असतं."

बापू इतके हसले की त्यांना पाना खाली ठेवावा लागला. नामदेवराव हसले नाहीत. पण तो फुगलेला तुकडा त्यांनी रुमालात गुंडाळला आणि खिशात घातला. तो ते कपाटात ठेवणार, याबद्दल मला शंका नाही.

योग्य पाइप बसवला. दुसरं काहीही बदललं नाही. गेज काचेवर लावलं आणि गाडी तपासायला निघालो. सुमेध चालवायला, मी मागे. बापूंनी फडकं घेऊन विचारलं, "रेघ पुसू का?"

"राहू द्या," म्हणत नामदेवराव पुढच्या सीटवर येऊन बसले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

राहुल, तुमच्याकडे आता विजेच्या गाड्या आल्या. त्यांना टाकी नाही, पंप नाही, पेट्रोलची नळी नाही. माझं बरंचसं शहाणपण माझ्याबरोबरच संपणार, आणि ते कोणाला द्यावं हे मला सुचत नाही. म्हणून मागच्या सीटवरून मला जे दिसलं, ते तुम्हाला नीट सांगून ठेवते.

बोगद्याचा तोच चढ. वेग मर्यादेतच, आम्हाला जोर बघायचा होता, वेग नव्हे. सुमेधनं पाय दाबला, छोट्या घड्याळातला काटा कुंकवाच्या रेघेपर्यंत आला आणि तिथे थांबला. नागपूरला जाऊन येईपर्यंत त्याच्या पायाला ती सवय लागली होती.

"थांबलास का?" नामदेवराव म्हणाले. "जा की."

काटा रेघ ओलांडून गेला. जिथे ठसका यायचा ती जागा आली आणि गेली. काचेवरच्या माझ्या गेजचा काटा जरासुद्धा पडला नाही. गाडीनं आम्हा तिघांना सीटवर दाबून धरलं, इंजिनाचा आवाज वर वर चढत गेला, एकसारखा, कुठेही न तुटता. नामदेवरावांनी दाराच्या वर टपाला लावलेली मूठ दोन्ही हातांनी धरली होती. खिशातली पेनं थरथरत होती.

बोगद्याच्या तोंडाशी सुमेधनं पाय काढला. आत पिवळ्या दिव्यांखालून आम्ही सावकाश जात राहिलो. तो वडिलांकडे बघत नव्हता, आणि मला त्याची मानेवरची शीर दिसत होती. आता ते 'विकून टाक' म्हणणार, असं त्याला वाटत असावं. मलाही वाटत होतं.

बोगदा संपला. नामदेवरावांनी मूठ सोडली, सदरा नीट केला.

"परत एकदा," ते म्हणाले.